रंग न लावता रंगमंचावर

(मंडळाच्या इल्फर्ड येथील सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातला मोकळेपणा शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सभेच्या सूचनेत माझा विषय छापून आला, 'डिपेंडन्सी इंजेक्शनने तयार झालेल्या वस्तूंवरचे पुढचे संस्कार', आणि त्याच संध्याकाळी मला दोन फोन आले. पहिला एका काकूंचा. "इंजेक्शनवर बोलणार आहेस म्हणे, मग डायबेटिसचंही थोडं सांगशील ना?" दुसरा माझ्याच धंद्यातल्या एका मित्राचा. "अगं, आठवडाभर ऑफिसात स्प्रिंग, आता रविवारीपण स्प्रिंगच?" दोघांचीही क्षमा मागते. काकू, यात सुई नाही. आणि मित्रा, आज मी एक गोष्ट सांगणार आहे ती तुला ठाऊक नाही, कारण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पण त्या गोष्टीपर्यंत जायला थोडी वाट चालावी लागेल.

आपण मराठी माणसं, तेव्हा नाटकापासून सुरुवात करू. ऐतिहासिक नाटकात राजे कमरेला तलवार लावून प्रवेश करतात. ती तलवार त्या नटाने बाजारात जाऊन आणलेली असते का? नाही. विंगेत प्रॉपर्टी सांभाळणारा माणूस उभा असतो, तो ती हातात देतो. नटाला एवढंच ठाऊक असतं की दुसऱ्या अंकात आपल्याला तलवार लागते. ती कुठून आली, लाकडाची की पत्र्याची, हे त्याने बघायचं नसतं. तालमीला तलवारीऐवजी फूटपट्टी दिली तरी त्याचं काम अडत नाही.

जावा भाषेत लिहिलेला मोठा प्रोग्रॅम असाच शेकडो पात्रांचा असतो. या पात्रांना आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. एक पात्र खात्यांचा हिशोब ठेवतं, एक डेटाबेसशी बोलतं, एक ईमेल पाठवतं. प्रत्येकाला दुसऱ्या कुणाची तरी गरज लागते. पूर्वी प्रत्येक पात्र आपल्याला लागणारी वस्तू आपणच बनवून घ्यायचं. म्हणजे प्रत्येक नट स्वतःची तलवार, स्वतःचा मुकुट, आणि कधीकधी स्वतःचं सिंहासनही डोक्यावर घेऊन यायचा! तालमीपुरती फूटपट्टी द्यायची सोयच नव्हती. मग असं ठरलं की पात्राने फक्त आपली गरज सांगायची, आणि बाहेरच्या एका व्यवस्थापकाने ती पुरवायची. यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. हे नाव रूढ केलं मार्टिन फाउलर यांनी, जानेवारी २००४ मधल्या एका लेखात.

या व्यवस्थापकाचं जावातलं सर्वांत गाजलेलं रूप म्हणजे स्प्रिंग. रॉड जॉन्सन नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी २००२ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्या काळी जावाची 'एंटरप्राइज' पद्धत फार अवजड होती, ती सोपी कशी करता येईल हे दाखवायला त्यांनी पुस्तकासोबत तीस हजारांच्या आसपास ओळींचा कोड दिला होता. वाचकांपैकी युर्गेन होलर आणि यान कॅरोफ यांनी आग्रह धरला की हा कोड सर्वांसाठी खुला करा. 'स्प्रिंग' हे नाव कॅरोफ यांचं. जुन्या पद्धतीचा हिवाळा संपून वसंत आला, असा त्याचा भाव. मार्च २००४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, आणि आज बँकांपासून विमा कंपन्यांपर्यंत कितीतरी ठिकाणी तो वसंत बारमाही असतो.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे वळते. नटाला तलवार मिळाली म्हणजे तो लगेच रंगमंचावर जातो का? नाही. रंगपटात जावं लागतं. रंगभूषाकार चेहरा रंगवतो, वेशभूषावाला फेटा ठीक करतो, कुणी मिशी घट्ट चिकटली की नाही ते ओढून बघतो. गंमत अशी, की यातलं काहीच नाटककाराने लिहिलेलं नसतं आणि नटालाही त्याचा विचार करावा लागत नाही. दरवाजातून जाणाऱ्या प्रत्येकाला रंगभूषाकाराचा हात लागतो, राजा असो की भालदार.

स्प्रिंगमधल्या या रंगभूषाकाराचं नाव बीन-पोस्ट-प्रोसेसर. स्प्रिंगच्या व्यवस्थेत तयार झालेल्या ऑब्जेक्टला 'बीन' म्हणतात, म्हणून हे नाव. स्प्रिंगच्या मूळ कोडमध्ये या भागाच्या डोक्यावर १० ऑक्टोबर २००३ ही तारीख लिहिलेली आहे, म्हणजे पहिली पक्की आवृत्ती यायच्या आधीपासून तो आहे. त्याचा एक थोरला भाऊही आहे, बीन-फॅक्टरी-पोस्ट-प्रोसेसर. तो नटाला हात लावत नाही, संहितेला लावतो. पात्र जन्माला येण्याआधीच 'अमक्याचा पत्ता इथे घाला' अशा रिकाम्या जागा तो भरून टाकतो. थोडक्यात, थोरला तालमीआधी लेखकाच्या टेबलाशी बसतो आणि धाकटा प्रयोगाच्या दिवशी रंगपटात.

धाकट्याला प्रत्येक बीन दोनदा भेटतो. क्रम असा: आधी बीन तयार होतो, मग त्याला लागणाऱ्या वस्तू दिल्या जातात, मग त्याला त्याचं नाव वगैरे कळवलं जातं. हे झाल्यावर पहिली भेट. नंतर बीनची स्वतःची तयारी, म्हणजे नट डोळे मिटून दोन मिनिटं बसतो तशी. आणि त्यानंतर दुसरी भेट. या भेटींत पोस्ट-प्रोसेसर बीनमध्ये बदल करू शकतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, आलेल्या बीनऐवजी भलताच ऑब्जेक्ट परत देऊ शकतो! व्यवस्थापक तो मुकाट्याने घेतो आणि इतर सगळ्यांना तोच देतो.

रंगपटात गेला एक नट आणि बाहेर आला दुसराच, असं झालं तर प्रेक्षक खुर्च्या फेकतील. पण इथे हीच तर खरी करामत आहे. बाहेर येणाऱ्याला प्रॉक्सी म्हणतात. दिसायला हुबेहूब मूळ पात्रासारखा, आणि मूळ पात्र त्याच्या पोटात असतं. तुम्ही त्याला काम सांगितलंत की तो आधी आपलं एक जास्तीचं काम करतो, मग आतल्याला हाक मारतो. पैशांच्या व्यवहारात हे जास्तीचं काम म्हणजे ट्रान्झॅक्शन. 'आता व्यवहार सुरू झाला' अशी नोंद करायची, आतल्याला काम करू द्यायचं, सगळं सुरळीत झालं तर शिक्का मारायचा, आणि मध्येच काही मोडलं तर सगळं होतं तसं परत करायचं. लिहिणारा प्रोग्रॅमर डोक्यावर फक्त 'ट्रान्झॅक्शनल' अशी चिठ्ठी चिकटवतो. त्या चिठ्ठीत स्वतःचं काहीच बळ नसतं. ती वाचून प्रॉक्सी चढवणारा पोस्ट-प्रोसेसर रंगपटात हजर असेल, तरच तिला अर्थ.

(इथे एका काकांनी हात वर करून विचारलं, "मग तो मूळचा नट आतल्या आत स्वतःशीच बोलला तर?" काकांना मनापासून दाद दिली. इमारतीच्या फाटकावर वॉचमन असतो, पण तुम्ही हॉलमधून स्वयंपाकघरात गेलात तर तो तुमचं नाव लिहून घेत नाही. तसंच इथे. एका बीनने आपलंच दुसरं काम स्वतः बोलावलं, तर प्रॉक्सीला पत्ताही लागत नाही. या चुकीत भले भले पडले आहेत.)

रंगभूषाकार एकापेक्षा जास्त असले की क्रमाचा प्रश्न येतो, आणि क्रमाबद्दल बोलायला इल्फर्डइतकं योग्य गाव नाही. इल्फर्ड हे गावाचं नाव आहे हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. त्याआधी ते माझ्या लेखी फोटो स्टुडिओतल्या कागदाच्या पाकिटावरचं नाव होतं. १८७९ साली आल्फ्रेड हार्मन यांनी इथल्या क्रॅनब्रुक रोडवरच्या आपल्या घराच्या तळघरात फोटोच्या काचा बनवायला सुरुवात केली, त्यातून ती कंपनी झाली. कारखाना १९७० च्या दशकात इथून गेला, नाव मात्र जगभर राहिलं. आता ज्यांनी अंधाऱ्या खोलीत फोटो धुतले आहेत त्यांना ठाऊक आहे की आधी डेव्हलपर, मग फिक्सर. डेव्हलपर प्रकाश लागलेल्या जागी चांदी उमटवतो, फिक्सर उरलेलं रसायन विरघळवून टाकतो. उलटं केलंत तर फिक्सर सगळंच धुऊन नेतो आणि हाती कोरी फिल्म येते. दोन्ही बाटल्या उत्तम, फोटोही चांगला काढलेला, पण क्रम चुकला की फोटो गेला.

पोस्ट-प्रोसेसरांचंही तसंच. जो आधी चालतो त्याचं वेष्टण आत राहतं, नंतर चालतो त्याचं बाहेर. समजा एक प्रॉक्सी ट्रान्झॅक्शनची आहे आणि दुसरी 'कोणी काय केलं' याची नोंद ठेवणारी. नोंदवही आत राहिली तर व्यवहार फसून मागे फिरताना नोंदही पुसली जाते. बाहेर राहिली तर फसलेल्या प्रयत्नाचीही नोंद टिकते.

एवढं समजलं की माझी गोष्ट सांगता येईल.

२०१६ साल. मी एका कंपनीत होते. नाव सांगत नाही, आणि त्याची गरजही नाही. पैसे एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकणं हे आमच्या प्रोग्रॅमचं काम. मी टीममध्ये सीनियर. हाताखाली एक नाशिककडचा मुलगा होता, सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. सेव्हन किंग्जला राहायचा, म्हणजे इल्फर्डच्या पुढचंच स्टेशन, त्यामुळे बरेचदा गाडीत भेट व्हायची. मला ताई म्हणायचा.

आम्हाला नोंदवहीचं काम आलं होतं. त्याने त्यासाठी एक सुबक पोस्ट-प्रोसेसर लिहिला. त्याला नोंद करणारा एक बीन लागायचा, आणि त्या नोंद करणाऱ्याला खातेदाराचं नाव विचारायला खात्यांचा मुख्य बीन लागायचा. मी त्याचा कोड तपासला आणि शेरा लिहिला, "क्रम नशिबावर सोडू नकोस. ऑर्डर्ड कर आणि शेवटचा नंबर दे, म्हणजे नोंदवही सर्वांत बाहेर राहील." शहाणपणाचा शेरा होता की नाही? त्याने तसं केलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या. कोड गेला.

काही दिवसांनी एका रात्री व्यवहार चालू असताना डेटाबेसशी असलेला संपर्क काही क्षण तुटला. असं होतं, त्यासाठीच ट्रान्झॅक्शन असते. पण त्या रात्री सतरा व्यवहारांत पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत. मागे फिरवणारं कुणी नव्हतंच. सकाळी ताळेबंद जुळेना तेव्हा कळलं. दुपारपर्यंत हाताने सगळं दुरुस्त केलं, कुणाचा पैसा बुडाला नाही. पण मीटिंग झाली. "शेवटचा बदल कुणाचा?" असा प्रश्न आला आणि मी म्हणाले, "कोड त्याचा आहे." हे तीन शब्द खोटे नव्हते. ते तसेच अहवालात गेले. तो समोर बसला होता, काही बोलला नाही.

दोन दिवसांनी रात्री घरी बसून मी प्रोग्रॅम सुरू होतानाचा लॉग पहिल्या ओळीपासून वाचला. एरवी कोण वाचतं? त्यात एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की खात्यांचा बीन सगळ्या पोस्ट-प्रोसेसरांच्या हाताखालून जाण्यास पात्र नाही, उदाहरणार्थ त्याच्यावर आपोआप प्रॉक्सी चढणार नाही. तिथे ना लाल रंग, ना धोक्याची खूण. आमच्या त्या वेळच्या आवृत्तीत ती साध्या 'इन्फो' पातळीवर यायची, आणि कित्येकदा ती निरुपद्रवी असते म्हणून लोक डोळेझाक करतात.

झालं होतं ते असं. रंगभूषाकार हीसुद्धा माणसंच, त्यांनाही कुणीतरी बोलावून आणावं लागतं. स्प्रिंग त्यांना तीन तुकड्यांत आणतं. पहिली तुकडी 'प्रायॉरिटी-ऑर्डर्ड', दुसरी 'ऑर्डर्ड', तिसरी उरलेले. आणि एका तुकडीतले सगळे येऊन पोचल्याशिवाय त्या तुकडीतला कुणीही पेटी उघडून कामाला बसत नाही. तलवारी वाटणारे पहिल्या तुकडीत असतात. प्रॉक्सी चढवणारा दुसऱ्या तुकडीत. आमचा नोंदवहीवाला मुळात तिसऱ्या तुकडीत होता. माझ्या शेऱ्यामुळे तो दुसऱ्या तुकडीत आला. मी नंबर दिला शेवटचा, पण तुकडी दिली वरची!

आता हा नवा रंगभूषाकार म्हणाला, माझा कारकून आल्याशिवाय मी येत नाही. कारकून म्हणाला, मुख्य नट आल्याशिवाय मी येत नाही. व्यवस्थापकाने मुख्य नटाला घाईघाईने आणलं. पहिली तुकडी बसलेली होती, तिने त्याला तलवार दिली, सगळं यथासांग दिलं. पण प्रॉक्सी चढवणाऱ्याची पेटी अजून उघडायची होती. आणि एकदा तयार झालेल्या नटाला पुन्हा रंगपटात बोलावत नाहीत. तो रंग न लावता थेट रंगमंचावर गेला. डोक्यावर 'ट्रान्झॅक्शनल' चिठ्ठी तशीच होती, फक्त ती वाचलेली कुणी नव्हती. अशा वेळी डेटाबेसला दिलेली प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे पक्की होते. पैसे काढले, पक्कं. पैसे टाकले, तेवढ्यात संपर्क तुटला.

मग चाचण्या पास कशा झाल्या? त्याचंही कारण सापडलं. डेटाबेसच्या आमच्या चाचण्या स्वतःची ट्रान्झॅक्शन उघडून चालायच्या आणि शेवटी सगळं मागे फिरवायच्या. म्हणजे घरात वीज नव्हती, पण तपासणारा स्वतःची बॅटरी घेऊन आत शिरला आणि 'उजेड आहे' असं लिहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत तो भेटला. तेव्हा एलिझाबेथ लाइन व्हायची होती, टीएफएल रेलची गाडी लिव्हरपूल स्ट्रीटला जायची. मी त्याला ती ओळ दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ती ओळ मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. पण ऑर्डर्ड करायला तुम्हीच सांगितलं होतं. म्हटलं, तुम्हाला माहीत असणार."

स्ट्रॅटफर्ड येईपर्यंत मला काही बोलता आलं नाही.

ऑफिसात गेल्यावर मी अहवालात माझा शेरा जोडला, शेवटचं वाक्य बदलून घेतलं आणि चूक माझी असं लिहिलं. वरिष्ठांनी ते मान्यही केलं. पण त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाही हा निर्णय आदल्या दिवशीच झाला होता, आणि तो काही कुणी मागे फिरवला नाही. आमच्या त्या व्यवहारांसारखंच झालं. अर्धा भाग पक्का होऊन गेला होता. पुढे त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं, दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज येतो. त्यात तो या गोष्टीचा कधी उल्लेख करत नाही. मीच करते आहे, आज, तुमच्यासमोर. त्याला आधी विचारलं होतं. "नाव घेऊ नका, बाकी सांगा, कुणाला तरी उपयोग होईल," म्हणाला.

उपयोग व्हावा म्हणून, सभागृहात जे धंदेभाऊ आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. पोस्ट-प्रोसेसर जितका एकटा तितका चांगला. त्याच्या हाताला धरून मोठी पात्रं आत आणू नका. अगदीच कुणी लागणार असेल, तर जन्मतः मागू नका, काम पडेल तेव्हा मागा. कॉन्फिगरेशनच्या क्लासमध्ये पोस्ट-प्रोसेसर लिहिताना ती मेथड स्टॅटिक ठेवा, म्हणजे त्याच्यासाठी अख्खा क्लास वेळेआधी उठून बसत नाही. आणि ज्यांच्या डोक्यावर 'ट्रान्झॅक्शनल' चिठ्ठी आहे ते सगळे खरोखर प्रॉक्सी आहेत का, हे प्रोग्रॅम सुरू होताच मोजणारी एक छोटी चाचणी लिहून ठेवा. आम्ही लिहिली. दहा ओळींची आहे. सतरा व्यवहारांपेक्षा स्वस्त.

आणि ज्यांना संगणकाशी काही देणंघेणं नाही त्या काका-काकूंसाठी एकच. आपल्या भाषेत 'संस्कार' हा शब्द जन्मानंतर माणसावर होणाऱ्या गोष्टींसाठी आहे, आणि ते करणारा वडीलधारा असतो. करणाऱ्यावर कुणी केले होते का, हे सहसा कुणी विचारत नाही. त्या मुलाला ती ओळ दिसली होती, फक्त मला विचारायचा धीर झाला नाही, आणि धीर होऊ नये असं वागणारी मीच होते. आता माझ्या हाताखाली कुणी नवीन आलं की मी पहिल्या दिवशी सांगते, "माझ्या शेऱ्यात चूक दिसली तर मला गाडीत गाठ, प्लॅटफॉर्मवर गाठ, पण सांग." मागच्याच महिन्यात एका मुलीने व्हाइटचॅपलला गाडी बदलताना मला थांबवलं आणि माझी एक चूक दाखवली. आमची पुढची गाडी चुकली. मला फार बरं वाटलं.

चहा तयार आहे असा निरोप आला आहे, तेव्हा थांबते. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आणि काकू, डायबेटिसवाल्यांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवलाय बरं का!